मदत हवी आहे: हापूसच्या कलमांना वाळवी लागतेय

नमस्कार मंडळी. राजापूरजवळ आमची वीस गुंठ्यांची छोटी वाडी आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाच्या सुरुवातीला हापूसची बारा कलमं लावली. जमीन जांभ्याची, खाली लगेच कातळ.

सध्या मुलांना सुट्टी आहे, नणंदेची दोघंही आली आहेत. विहीर तळाला गेल्यामुळे पंप अर्धा तासही चालत नाही. म्हणून रोज संध्याकाळी चारही पोरं कळशीने एकेका आळ्यात पाणी घालतात. प्रत्येकाने आपापली तीन झाडं वाटून घेतली आहेत.

माती तापू नये म्हणून आळ्यात सुकं गवत आणि पालापाचोळा घातला होता. परवा धाकटीने गवत उचललं तर खाली वाळवी! दोन कलमांच्या बुंध्यावर मातीचे पापुद्रे चढलेत. एकाची पानं कडेने करपली आहेत, पण नखाने साल खरवडली तर आत अजून हिरवी आहे. म्हणजे जीव आहे ना? याच झाडाला कलमाच्या सांध्याखालून जोमदार फुटवा आलाय. तो हापूसचा नाही, खालच्या रायवळ म्हणजे गावठी आंब्याच्या खुंटाचा, काढायलाच हवा हे कळतं, पण अशा अशक्त झाडाचा आत्ताच काढावा का?

आच्छादन काढलं तर माती तापते, ठेवलं तर वाळवी. सासूबाई म्हणतात गवत काढा आणि दक्षिण-पश्चिमेला झावळ्यांचा आडोसा करा. पोरं आणि कोंबड्या दिवसभर तिथेच असतात, त्यामुळे विषारी औषध नको आहे. कुणी असं झाड वाचवलं असेल तर नेमकं काय केलंत ते कृपया सांगा. पावसाला अजून तीन आठवडे तरी आहेत.