दारूवरच्या स्टडीत कोऑर्डिनेटर म्हणून जॉइन होतेय, कुणी केलंय का हे काम?

सायली_एमएसडब्ल्यू:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

यंदा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालं, स्पेशलायझेशन मेडिकल अँड सायकियाट्रिक. एका सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत दारूवरची स्टडी सुरू होतेय, तिथे कोऑर्डिनेटर म्हणून ऑफर आलीय, दीड वर्षाचं काँट्रॅक्ट. समुपदेशनाचा फायदा होतो का ते बघायचंय, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी फॉलोअप. प्रोटोकॉलची पीडीएफ पाठवलीय, नव्वद पानं आहेत, तीनदा उघडून बंद केली.

शंका अशी की हे काम नक्की काय असतं? समुपदेशन करायचं की फक्त फॉर्म भरायचे? आणि दुसरी गोष्ट, जी खरं तर जास्त खातेय. परवा जुन्या एका स्टडीच्या कोऑर्डिनेटर मॅडमबरोबर दिवसभर बसले होते. एका काकांचा फॉलोअप झाला, ते बाहेर गेले आणि त्यांची बायको दारातच उभी राहिली, पदर तोंडाला धरून हळूच म्हणाली, मॅडम खरं सांगा, पितात का अजून? मॅडम म्हणाल्या, ताई ते तुम्ही त्यांनाच विचारा. बाई काही न बोलता गेल्या. मला रात्रभर झोप नाही, इतकं कोरडं कसं वागू शकतं माणूस?

माझे बाबा प्यायचे. आईसुद्धा अशीच कुणाकुणाला विचारत फिरायची. आता ती म्हणतेय घरात एवढं बघितलंस ते पुरलं नाही का. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.

कागदी_घोडा:
सायली, सात वर्षं केलंय, आधी तंबाखूवर मग दारूवर, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

आधी नोकरीचं. समुपदेशन तू करायचं नाहीस, आणि हाच सगळ्यात मोठा त्रास होतो एमएसडब्ल्यूवाल्यांना. समुपदेशन करणारा वेगळा असतो आणि फॉलोअपला किती प्यायला हे विचारणारा वेगळा, आणि विचारणाऱ्याला हा माणूस समुपदेशन मिळालेल्या गटात आहे की न मिळालेल्या ते माहीतच नसायला हवं, नाहीतर आपण नकळत समुपदेशन मिळालेल्याला "कमी झाली ना आता?" असं हसून विचारतो आणि तोही आपलं मन राखायला हो म्हणतो. गोव्यात संगाथ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशीच ट्रायल केली होती, ३७७ पुरुष, डॉक्टर नसलेले पण ट्रेनिंग घेतलेले समुपदेशक, जास्तीत जास्त चार भेटी, आणि तीन महिन्यांनी धोक्याचं पिणं थांबलेले समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के तर दुसऱ्यात २६ टक्के. २०१७ च्या लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आहे, नक्की वाच. आता हा दहा टक्क्यांचा फरक कशावर उभा आहे बघ, त्या खोलीत बसून विचारणाऱ्याला लोकांनी खरं सांगितलं यावर. तू ती खोलीतली बाई असणार आहेस.

रोजचं काम म्हणजे सकाळी ओपीडीच्या रांगेत केसपेपर बघत फिरायचं, कोण बसतंय निकषात. दारूच्या सवयीबद्दल ऑडिट नावाचे दहा प्रश्न असतात, ४० पैकी मार्क. मग संमती. पिऊन आलेल्याची संमती घ्यायची नाही, उद्या या म्हणायचं, आणि उद्या तो येत नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा आणि बाहेरचा साक्षीदार, आपल्या टीममधला चालत नाही, मी तर चहावाल्याला इतक्यांदा उभं केलंय की त्याला कन्सेंट फॉर्म तोंडपाठ होता.

आणि मग ते कॅलेंडर. टाइमलाइन फॉलोबॅक म्हणतात, गेल्या इतक्या दिवसांत कुठल्या दिवशी किती. सरळ विचारलंस तर उत्तर एकच, "अधूनमधून, थोडीशी". मी बाजाराच्या दिवसापासून सुरू करायचे. बाजाराला गेला होतात? बरोबर कोण होतं? किती आणली? तिघांत एक खंबा. बरं. आता खंबा ७५० मिली, ४२.८ टक्के, तिघांत वाटला की प्रत्येकी आठ ड्रिंक्सच्या वर जातात (दहा ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक ड्रिंक धरून). क्वार्टर (१८० मिली) म्हणजे सहा ड्रिंक्स आणि नाइंटी (९० मिली) म्हणजे तीन हे तुला महिन्याभरात झोपेतही येईल. मग त्याच्या पुढचा दिवस, मग पगाराचा दिवस, मग मेहुण्याच्या घरची जागरण-गोंधळाची रात्र. तीस चौकोन भरायला चाळीस मिनिटं लागतात आणि त्या चाळीस मिनिटांत तुझा चेहरा हलता कामा नये. शाब्बास पण नाही आणि अरेरे पण नाही.

म्हणून ती मॅडम. तिने बायकोला सांगितलं असतं तर काकांना संध्याकाळपर्यंत घरी कळलं असतं की मॅडमनी सांगितलं, आणि पुढच्या फॉलोअपला तीसच्या तीस चौकोन शून्य आले असते. आणि तेही एकट्याचे नाही, ओपीडीच्या बाकावर सगळे एकमेकांशी बोलतात.

जिथे पाय घसरतो ते पण सांगते. माझ्याकडून झालंय. एकाला व्हिजिटची आठवण म्हणून व्हॉट्सअ‍ॅप टाकला आणि त्यात "दारू स्टडी" लिहिलं. नंबर त्याचा नव्हता, त्याच्या कंपनीतल्या सुपरवायझरचा होता, त्याने स्वतःचा फोन विकला होता. पुढे तो कधीच आला नाही. तेव्हापासून नंबर घेतानाच विचारते, हा कोणाचा, उचलल्यावर मी कोण म्हणून सांगू, आणि ते शब्द त्याच्यासमोर त्याच्याच भाषेत लिहून घेते.

क्वेरी_क्लोज:
वरच्या प्रतिसादाला +१. मी मॉनिटर आहे, म्हणजे तुमच्या फायली तपासायला येणारा नकोसा पाहुणा.

सायली, तीन गोष्टी फक्त. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर ऑफिसात ठेवूच नकोस. दुसरं, राहिलेला फॉर्म आठवून नंतर मागच्या तारखेने भरू नकोस, "चुकला" असं लिहिलेला फॉर्म मला चालतो, खोटा नाही चालत. तिसरं, कुणी अ‍ॅडमिट झाला असं कळलं, अगदी गावच्या दवाखान्यात एक रात्र सलाईन लावलं तरी, लगेच पीआयला (स्टडीच्या प्रमुख डॉक्टरांना) सांग, एथिक्स कमिटीला, म्हणजे स्टडीतल्या लोकांचं हित बघणाऱ्या समितीला, २४ तासांत कळायला हवं. एका साइटवर एकाला फिट येऊन भरती केलेला, आणि कोऑर्डिनेटरने "दारूचंच आहे, आपल्या स्टडीचं काय त्यात" म्हणून आठवडाभर ठेवून दिलं. दारूचंच आहे म्हणूनच तर स्टडीचं आहे ना बाई.

अजून एक, श्रावण. गटारीच्या आदल्या आठवड्यात आणि श्रावणात घेतलेले बेसलाइन (सुरुवातीच्या मुलाखतींचे फॉर्म) शेजारी शेजारी ठेवून बघ, जणू दोन वेगळे जिल्हे. श्रावणात सोडणारे खूप, वारीची माळ घालून सोडणारे खूप, मग मागच्या तीस दिवसांचं कॅलेंडर कोरं आणि ऑडिट मात्र २२, कारण तो वर्षभराचं विचारतो. आम्ही पहिल्यांदा ही डेटातली चूक समजून क्वेरी (लेखी शंका) टाकल्या होत्या, कोऑर्डिनेटरने प्रत्येकीला "श्रावण" एवढंच उत्तर लिहून पाठवलं.

भीमाकाठ:
माफ करा पण मला हे पटत नाहीये. मी व्यसनमुक्ती केंद्रात अकरा वर्षं समुपदेशक आहे, आमच्याकडे घरच्यांना बरोबर घेतल्याशिवाय गाडी पुढेच जात नाही. ती बाई काय चोरून माहिती काढायला आली होती का? पगार ती भागवते, मार ती खाते, पोरांची फी ती भरते आणि तुम्ही तिला म्हणणार त्यांनाच विचारा. तुमच्या चौकोनांसाठी माणसं वाऱ्यावर सोडायची? स्टडी संपली की तुम्ही पेपर छापणार आणि ती बाई तिथेच.

कागदी_घोडा:
दादा, राग समजतो, मलाही पहिलं वर्षभर हाच राग यायचा. पण तुमच्याकडे भरती होताना पेशंटला माहीत असतं की घरचे बरोबर बसणार. आमच्याकडे त्याने सही केली तेव्हा आम्ही लिहून दिलंय की तुमचं उत्तर कुणाला सांगणार नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २३, तिथेही गोपनीयता आहेच, आणि दारूशी जोडलेल्या अवस्था त्या कायद्यात येतात. पण त्याच कलमात सूटही आहे, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, मारहाणीची भीती असेल तर ती टाळण्यापुरतं सांगता येतं. म्हणजे तो माझ्यासमोर "आज घरी जाऊन दाखवतो तिला" म्हणाला तर मी फॉर्म बाजूला ठेवून उठते आणि पीआयला बोलावते. हे मी दोनदा केलंय.

आणि मार खाते म्हणालात त्याबद्दल. "त्यांनाच विचारा" एवढ्यावर थांबली असेल ती मॅडम तर ते अर्धंच काम झालं, तुमचं बरोबर आहे. मी बाईंना बसवायचे. त्यांचं म्हणून वेगळं विचारायचे, तुम्ही कशा आहात, घरी भीती वाटते का, अल-अ‍ॅनॉनची म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाची मीटिंग कुठे असते ते कागदावर लिहून द्यायचे. नवऱ्याबद्दल एक शब्द नाही. बऱ्याच बायका पहिल्यांदा रडायच्या ते याच प्रश्नाला, कारण त्यांचं कुणी विचारलेलंच नसतं.

सायली, एक मात्र पाठ करून ठेव. रोज भरपूर पिणाऱ्याला किंवा त्याच्या बायकोला "आजपासून एकदम बंद" असं चुकूनही म्हणू नकोस. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम, अंगावर किडे दिसणं वगैरे, माणूस जातो त्यात. हात थरथरतायत, घाम फुटलाय, वेळ-काळ समजेना असा कुणी दिसला तर प्रश्नावली गुंडाळायची आणि उचलून डॉक्टरांकडे.

नव्वद_ते_शून्य:
मी पलीकडच्या खुर्चीत बसलेला माणूस आहे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका स्टडीत होतो, कुठल्या ते सांगत नाही.

पहिल्या वेळी धडधडीत खोटं बोललो. मॅडमनी विचारलं आणि मी आठवड्यातून दोनदा सांगितलं, रोज होती. बायकोने, आईने, साहेबाने, देवळातल्या बुवांनी, सगळ्यांनी विचारलेलं असतं, आणि सगळ्यांना विचारताना उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे खरं बोलायची सवयच नव्हती राहिली. दुसऱ्या वेळी बाजाराचा दिवस विचारला तेव्हा चुकून खरं निघालं तोंडातून. ती बाई "बरं" म्हणाली आणि पुढचा चौकोन. मी वाट बघत राहिलो की आता काहीतरी बोलेल. काही नाही. मग सगळंच सांगितलं, चौकोन पुरेनात. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं काय झालं आत, तेव्हा तिला पण सांगितलं, आकड्यासकट. तिला मॅडमकडून कळलं असतं तर मी मॅडमनाच खोटं पाडलं असतं, मला माहीत आहे मी कसा होतो ते.

नंतर दोनदा परत सुरू झाली, तेही त्यांच्या कॅलेंडरमध्ये असेल. आता बंद आहे.

सायली_एमएसडब्ल्यू:
दादा तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून कुकर लावायला गेली.

हो कळवलंय. पीआय सरांना बाबांचं आधीच सांगून टाकलं, ते म्हणाले एखादी मुलाखत जड गेली तर त्या दिवशी दुसरी घ्यायची नाही, मला येऊन सांगायचं. घोडाताई, पगार आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३ या पदाप्रमाणे आहे, २८ हजार अधिक घरभाडं (एचआरए), ठीक आहे ना? आणि एक प्रॅक्टिकल शंका, आमच्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणारे खूप आहेत, ऑगस्टमध्ये घेतले तर तीन महिन्यांचा फॉलोअप नेमका ते फडात असताना येतो, त्यांचं काय करायचं?

कागदी_घोडा:
पगार ठीक आहे, पण ग्रँट अडकली की दोन-तीन महिने येत नाही, थोडे बाजूला ठेव. आमच्याकडे एकदा दिवाळीला नव्हता आला.

ऊसतोडवाल्यांचा मुकादमाचा नंबर घ्यायचा नाही, कितीही सोपा वाटला तरी, त्याची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते आणि त्याला हे कळलं तर माणसाचं अवघड होतं. गावात मागे राहिलेली म्हातारी शोध, तिला सगळ्यांचे नंबर माहीत असतात. फोनवरून फॉलोअप चालतो का ते प्रोटोकॉलमध्ये बघ, नसेल तर आत्ताच पीआयला सांगून एथिक्स कमिटीकडून दुरुस्ती करून घ्या, नोव्हेंबरमध्ये धावाधाव करून उपयोग नाही. आणि ऑफिसने दिलेल्या कॅलेंडर शीटवर नुसते आकडे असतील, त्यावर सण, अमावास्या, ड्रायडे आणि आठवडी बाजार पेनाने लिहून पीआयची सही घे. तुमच्याकडे बाजार कुठल्या वारी?

सायली_एमएसडब्ल्यू:
मंगळवार. पण दोन वाड्यांना गुरुवार. आज दोन्ही विचारून घेते.