फोन पुरतो, मिनिटांचा घोळ तेवढा सांभाळा

एकांनी विचारलंय, जिओकॅशिंगला (म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायच्या खेळाला) वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं लागतं का. काही नको, फोन पुरतो. २००० च्या मे महिन्यात अमेरिकेनं नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि लगेच हा खेळ सुरू झाला. आता फोनही पाच-दहा मीटरपर्यंत नेऊन सोडतो. पुढं मात्र डोळेच कामाला येतात.

गावाजवळ डबा नसला तर आमच्यासारखं करा. मित्रानं बेळगावजवळच्या येळ्ळूरला स्वतःच्या शेताच्या बांधावर एक डबी लपवली आणि जागेच्या अक्षांशाचे आकडे धाडले: १५ अंश ४७ मिनिटं. मी शहाण्यानं फोनात १५.४७ टाकलं. नकाशा दाखवतोय ३५ किमी दक्षिणेला, पार लोंढ्याकडचं रान! मिनिटांना ६० नं भागून अंशांत मिळवायचं असतं, म्हणजे १५.७८. हा घोळ नवख्यांचा हमखास होतो बघा.

मग बांधावर अर्धा तास. दगड उचलताना काठी वापरा, आपल्याकडं विंचू काय कमी आहेत? डबी निघाली घाणेरीच्या मुळाशी, कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची. आत कागदाची सुरळी, त्यावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथंच ठेवायची. पेन तुमचं तुम्ही न्या, मी विसरलो होतो.

आणि बेळगावच्या किल्ल्यात, तिथल्या कमल बस्ती या जैन मंदिरात डब्या लपवायला जाऊ नका. बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना बोलावतात.