'किराळ लागणे' : यातली किराळ म्हणजे नक्की काय?

बांधकरी
परवा गावाहून चुलतभावाचा फोन आला. "एक कालवड अन् दोन शेरडं गेली. किराळ लागली." शेजारी बसलेल्या लेकीनं विचारलं, "बाबा, किराळ म्हणजे किडा का?" आणि मी अडलो. लहानपणापासून ऐकलेला शब्द, पण फोड करून सांगता येईना. ज्वारी कापल्यावर रानात सड राहतात, त्यांना पुन्हा कोवळी फूट येते. ती जनावरानं खाल्ली की थोड्याच वेळात धाप, तोंडाला फेस, झटके, आणि कारभार आटोपतो. हे सगळं मिळून किराळ लागणं. पण मग किराळ कोण? ती फूट, तो आजार, की आतलं विष?

माणदेशी सून
आमच्याकडे ती फूटच. सासरे म्हणतात, "रानात किराळ आलीय, गुरं सोडू नका." म्हणजे आधी किराळ 'येते', मग 'लागते'. एकाच ज्वारीला आपल्याकडे किती नावं आहेत बघा. चाऱ्यासाठी दाट पेरलेली हिरवी ज्वारी म्हणजे कडवळ, वाळलेली ताटं म्हणजे कडबा, पाण्यावाचून खुरटून कणीस न धरलेलं ते बाटूक. कडबा वर्षभर बिनघोर घालतात. कडवळ मात्र फुलोऱ्यात येईपर्यंत कापत नाहीत. बाटकाकडे तर संशयानंच बघतात.

शब्दवेडा पेठकर
शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण 'लागणे' या क्रियापदावर बोलतो. ऊन लागतं, वारं लागतं, नजर लागते, साप चावला तरी जुनी माणसं 'पान लागलं' म्हणतात. अशा ठिकाणी जे लागतं ते बहुधा डोळ्यांना न दिसणारं, किंवा ज्याचं नाव घ्यायचं नाही असं. म्हणून माझा कौल असा, की शब्द मुळात कोंबाचा असेल, पण 'लागली' म्हटल्याबरोबर तो त्या अदृश्य बाधेचा होतो. दोन्ही अर्थ खरे.

गोठ्यातला डॉक्टर
पेठकर, अदृश्य म्हणालात ते बरोबर, कारण फुटीत तयार विष नसतंच. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं रसायन असतं, साखरेला बांधलेलं, तसं निरुपद्रवी. ते पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत साठवलेलं असतं. त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आतल्या, शेजारच्या पेशींत. पानाच्या डब्यात कात आणि चुना वेगळे ठेवतात ना, तसं. चावल्यावरच एकत्र येतात आणि मगच रंगतात. जनावरानं पान चघळलं की धुरिन फुटतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. रवंथ करणाऱ्यांचं आणखी वाईट, कारण पोटातले जंतूही त्या फोडाफोडीला हातभार लावतात. सायनाइडमुळे पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. रक्तात तो भरपूर असतो, म्हणून रक्त लालभडक दिसतं, आणि जनावर मात्र गुदमरतं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं तर वाचतं, पण फोन येऊन मी पोचेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

पावसानं ताण दिला, किंवा युरिया जास्त पडला, की धुरिन वाढतं. पीक उंच आणि जून होत जातं तसतसं ताटातलं प्रमाण उतरतं. पक्व दाण्यात ते जवळजवळ नसतं, म्हणून भाकरीला भ्यायचं कारण नाही. पण त्याच दाण्याला मोड आणले की कोंबात पुन्हा तयार होतं. मटकीसारखी ज्वारीची उसळ करण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती सोडा.

बांधकरी
बाप रे. म्हणजे शब्द कोंबाला चिकटलाय आणि विषही कोंबातच. आपल्या लोकांनी नेमकं कोवळेपणच पकडलं. पण डॉक्टर, हे 'धुरिन' कुठून आलं? धुराशी काही नातं?

गोठ्यातला डॉक्टर
नाही नाही. ऐकायला तसं वाटतं खरं.

कोशातला किडा
मी सांगतो. ज्वारीला अरबीत 'धुरा' म्हणतात, इजिप्त-सुदानकडं रोजच्या वापरातला शब्द. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी ज्वारीच्या कोवळ्या रोपांतून हे द्रव्य वेगळं केलं आणि त्याच नावावरून त्याला धुरिन म्हटलं. म्हणजे जिला आपण 'शास्त्रीय संज्ञा' म्हणून घाबरतो, ती नाईलकाठच्या शेतकऱ्याच्या तोंडची 'ज्वारी' आहे!

भाताचंही तसंच. भाताची मुळं 'मोमिलॅक्टोन' सोडतात, शेजारच्या तणाची वाढ त्यानं खुंटते. हे द्रव्य पहिल्यांदा सापडलं ते तुसात, १९७३ साली, आणि जपानीत तुसाला 'मोमी' म्हणतात. ओटमधलं ॲव्हेनासिन, बार्लीमधलं हॉर्डेनिन, ही नावं त्या त्या झाडाच्या लॅटिन नावावरून. मका, गहू आणि रायमध्ये डिम्बोआ असतं, पण ते नुसतं आद्याक्षरांचं गाठोडं, त्यात शब्दप्रेम शोधू नका.

आणि पाठ्यपुस्तकी मराठीत या सगळ्यांना काय म्हणतात? 'दुय्यम चयापचयी पदार्थ'. कालवड गेल्यावर कुणाला सांगा, दुय्यम पदार्थानं मेली म्हणून.

माणदेशी सून
😀 सासऱ्यांना सांगितलं तर माझीच वैरण बंद करतील.

शब्दवेडा पेठकर
एक शंका. हे झाडाचं 'संरक्षण' म्हणायचं, की आपणच तसा अर्थ लावतोय? झाडाला काय ठाऊक गाय येणार आहे ते.

गोठ्यातला डॉक्टर
ठाऊक काही नसतं. पण ज्यांच्यात ते होतं ती टिकली. २००१ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी ज्वारीची धुरिन करण्याची जनुकं मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात घातली. त्या रोपट्याची पानं कुरतडणारा भुंगा मग त्याच्याकडं फिरकेना. संरक्षण म्हणायला तेवढं पुरे.

बांधकरी
टारफुल्यावर, त्या मुळं शोषणाऱ्या तणावर, मग हे का चालत नाही? आमच्या ज्वारीच्या मुळाशी तो हमखास.

गोठ्यातला डॉक्टर
टारफुला पान चावत नाही, मुळातून शोषतो. ज्वारीची मुळं तणांवर सॉर्गोलिओन नावाचं वेगळं द्रव्य सोडतात, पण ती आणखी एक द्रव्यही पाझरतात, उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी. मातीत वर्षानुवर्षं पडून राहिलेलं टारफुल्याचं बी नेमकी तीच हाक ऐकून रुजतं. घरच्यासाठी मारलेली हाक चोरानं ओळखली!

बांधकरी
वा. आता लेकीला सांगायला नोंद अशी करतो. किराळ, स्त्रीलिंगी : १. कापलेल्या ज्वारीला पुन्हा आलेली कोवळी फूट. २. ती खाल्ल्यानं जनावराला होणारी सायनाइडची बाधा. 'लागणे' या क्रियापदासह.

मराठवाड्याचा पाहुणा
चर्चा आत्ता वाचली. स्त्रीलिंगी कशावरून? आमच्याकडं "म्हशीला किराळ लागलं" असंच म्हणतात.