रविवारी एसएसडी, पण ट्रॅकरचं काय?

शिंदे (सी-४०२): रविवारी क्लबहाऊसमध्ये आपल्या लॅपटॉपना एसएसडी (वेगवान डिस्क) बसवायला येणाऱ्या मुलाच्या मेसेजमध्ये "जुनी डिस्क काढून फ्रेश विंडोज" असं आहे. हे परस्पर कोणी ठरवलं? सी विंगमधल्या चोरीनंतर निम्म्या लोकांनी लॅपटॉपवर प्रे (चोरीला गेलेला लॅपटॉप शोधणारा ट्रॅकर) टाकलंय. फ्रेश विंडोज टाकलं की ते गेलं.

सेक्रेटरी: साहेब, परस्पर काही नाही. मीटिंगमध्ये बोलणं झालं होतं. आपण नव्हतात 🙏

शिंदे: नोटीस आदल्या रात्री लावली तर कोण येणार? असो.

जोशीकाका (ए-२०४): बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

मृणाल (बी-१०३): शिंदेकाकांचं बरोबर आहे. प्रेसारखा ट्रॅकर डिस्कवरच असतो. त्यामुळे फ्रेश नको, क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) मागा. क्लोनमध्ये विंडोज, ट्रॅकर आणि त्याची डिव्हाइस की (ट्रॅकरला लॅपटॉप ओळखू येतो तो कोड) जशीच्या तशी येते. क्लोनझिला हे क्लोन करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. ९६० जीबीची एसएसडी १ टीबीपेक्षा लहानच, तिथे गाडी अडते.

पाटील (बी-५०१): बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) कॉम्प्युट्रेस हा ॲब्सोल्यूट कंपनीचा ट्रॅकर असेल तर डिस्क बदलली तरी चालतं ना?

मृणाल: ॲब्सोल्यूटची सेवा विकत घेऊन चालू केलेली असेल तरच. मग बायोसमधला भाग नव्या विंडोजमध्येही एजंट (ट्रॅकरचा प्रोग्रॅम) परत टाकतो. नुसतं बायोसमध्ये नाव दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. आणि थिंकपॅडवाल्यांनो, तिथल्या "पर्मनंटली डिसेबल्ड"ला हात लावू देऊ नका. ते परत चालू होत नाही.

जोशीकाका: बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

नेने (ए-६०१): गेटचा कॅमेरा चालू असता तर हे ट्रॅकर लागलेच नसते.

सेक्रेटरी: कोटेशन आलंय, नेनेकाकू. कृपया विषयावर राहूया.

नेने: दिवाळीपासून येतंय ते.

पाटील: चोरी झाली तर सीईआयआर या सरकारी पोर्टलवर लॅपटॉप ब्लॉक होतो का?

मृणाल: नाही, ते मोबाइलच्या आयएमईआय नंबरसाठी. लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि बिल जपून ठेवा, तक्रारीत तेच लागतं.

जोशीकाका: कोणी वाचतंय का? बिटलॉकरची की!

मृणाल: काका, बरोबर आहे तुमचं. की घेऊन ठेवाच, शिवाय क्लोनच्या आदल्या दिवशी बिटलॉकर बंद करून डिक्रिप्शन (कुलूप निघणं) पूर्ण होऊ द्या. नाहीतर क्लोनझिला रिकाम्या जागेसकट सगळी डिस्क उतरवतो, तासन्‌तास जातात. नव्या डिस्कवर परत चालू करायला विसरू नका.
एम.२ (पट्टीसारखी एसएसडी) घेणाऱ्यांनी एनव्हीएमई की साटा (जोडणीचे दोन प्रकार) ते मॉडेलवरून बघा. लांबी तीच, पण नुसत्या साटाच्या स्लॉटला एनव्हीएमई दिसतच नाही.

पाटील: नंतर जुनी डिस्क लावून ठेवली तर?

मृणाल: दोन्हींची ओळख एकच, विंडोज एकीला ऑफलाइन करतं. पहिल्यांदा नवी एकटीच लावून सुरू करा. ट्रॅकरच्या पॅनेलवर आत्ताची वेळ दिसली की मगच पैसे द्या. जुनी डिस्क त्या मुलाकडे अजिबात सोडू नका. तुमचा सगळा डेटा त्यात आहे, आणि ती दुसऱ्या मशीनला लागली तर तुमच्याच नावाने दोन लॅपटॉप आपापलं ठिकाण कळवत बसतील.

सेक्रेटरी: त्याला क्लोनचं कळवतो. वेळ जास्त लागेल, दर वाढू शकतो.

शिंदे: वाढू दे. माझं नाव ११ वाजता लिहा. क्लोन, फ्रेश नाही.