कंबरेला टेका: चालकाचा बॅकरेस्ट बसवलेल्यांनी अनुभव लिहा

या वर्षात तीनदा बाइकवर लांबच्या राइडला गेलो आणि तिन्ही वेळा २०० किलोमीटरच्या आसपास कंबर धरली. बाकीचे चहा घेतात, मी टाकीवर हात टेकून पाठ ताणत उभा. आता बॅकरेस्ट, म्हणजे पाठ टेकायची गादी, बसवायचं डोक्यात आहे. मागे बसणाऱ्याचा नाही, तो आहेच, चालवणाऱ्याचा. ज्यांनी बसवलाय किंवा बसवून काढून टाकलाय, त्यांनी लिहा. जाहिरातीतलं नको, स्वतःच्या पाठीचं सांगा.

*

माझी क्रूझर, म्हणजे पाय पुढे सोडून बसायची बाइक. फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) इतके पुढे की पायांवर भार घेताच येत नाही, खड्ड्यात गाडी आपटली की दणका थेट माकडहाडाला. बॅकरेस्ट लावला आणि पहिल्या राइडला अजूनच वैतागलो. टेका दोन खांद्यांच्या मध्ये लागत होता, खाली कंबरेपाशी पोकळी तशीच. दिवसभर कुबड काढून चालवली. दुसऱ्या दिवशी पान्हा काढून गादी खाली आणली, कंबरपट्ट्याच्या वर जेमतेम चार बोटं, आणि थोडी पुढे घेतली. कंबरेचा आतला बाक भरला पाहिजे, एवढंच त्याचं काम. आता ४०० किलोमीटरनंतर दुखतात ते खांदे, कंबर नाही.

एक मात्र आहे. टेकून बसलं की माणूस सैलावतो. गतिरोधक दिसला की मी पाठ सोडवून पुढे येतो, नाहीतर दणका मणक्यात जातो.

*

खर्च करण्याआधी पिशवी बांधून बघा. स्लीपिंग बॅग घट्ट गुंडाळून मागच्या सीटवर आडवी, दोन पट्ट्यांनी आवळून. मी दोन वर्षं याच्यावरच काढली. पट्ट्याची लोंबती टोकं गाठ मारून आत खोचा, चाकात गेली तर संपलं.

*

मी काढून टाकला. माझी गाडी उंच, कच्च्या रस्त्याची. तिथे निम्मा वेळ पेगवर उभं राहायचं, मग टेका कोणाला? त्यात एकदा गाडीवरून उतरताना नेहमीच्या सवयीने पाय मागून फिरवला, बुटाची टाच गादीत अडकली आणि मी एका पायावर नाचत, गाडी हळूहळू पलीकडे झुकत, चांगली दहा माणसं बघत असताना आडवी. क्लचची दांडी वाकली. ज्यांना हवाच आहे त्यांनी निदान पुढे दुमडणारा घ्या.

*

उंची कमी असलेल्यांसाठी (म्हणजे माझ्यासारखीसाठी) एक फायदा कोणी सांगत नाही. माझे हात हँडलपर्यंत ताणले जायचे, कारण वाऱ्याने आणि पिकअपने मी नकळत मागे सरकायचे. टेक्यामुळे बूड जागच्या जागी राहतं आणि हँडलला लोंबकळावं लागत नाही. मनगटांची बधिरता गेली ती यामुळेच. पण माप घेताना पूर्ण जॅकेट घालून बसा. मी घरच्या टीशर्टवर गादी ठरवली, राइडला जॅकेटातल्या पाठीच्या पॅडची खालची कड नेमकी गादीवर आली आणि दिवसभर बरगडीत टोचत राहिली.

*

मी मागे बसते, म्हणून माझंही ऐका. नवऱ्याच्या पाठीला गादी म्हणजे माझ्या पोटाला गादी. ब्रेक दाबला की मी त्याच्यावर. चढताना पाय फिरवायला जागा नाही, गुडघे अवघडतात. शेवटी तो पिन काढून निघणारा घेतला: एकटा असला की लावतो, मी असले की घरी ठेवतो.

*

नटबोल्टकडे लक्ष द्या, बाकी सगळं नंतर. गादी दिसते मऊ, पण खालची पट्टी सीटच्या मागच्या सांगाड्याला धरलेली असते आणि आपण टेकतो तेव्हा तिच्यावर लांब दांडीसारखा जोर येतो. त्यात इंजिनाची थरथर. माझा डावा बोल्ट पहिल्याच राइडमध्ये सैल झाला, चालू गाडीत पाठ अचानक तिरकी मागे गेली. तेव्हापासून नायलॉनच्या कड्याचे नट वापरतो, पहिल्या राइडनंतर पुन्हा आवळतो, मग दर वेळी निघताना हाताने हलवून बघतो. पावसात शिवणीतून पाणी आत जातं आणि फोम दिवसभर ओला राहतो, वर साधी प्लास्टिकची पिशवी चढवा.

*

सगळ्यांचे आभार. पिशवीची युक्ती आज करून पाहिली, जाऊन येऊन शंभर किलोमीटर. झालं असं, की माझी सीटच पुढे उतरती आहे. दर दहा मिनिटांनी टाकीकडे घसरतो, पिशवी मागे राहते, पाठ तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे आधी सीटचा फोम भरून उतार काढायला हवा. ब्रॅकेटचं माप घ्यायला सीट उघडली होती, ती अजून खुर्चीवर पडून आहे.