पेठेतला वाडा: पाडायचा, की वारस-भाडेकरूंनी मिळून सावरायचा?

माजघर

मागच्या महिन्यात आमच्या वाड्याला 264 ची नोटीस आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महापालिका अधिनियमातलं कलम आहे, मोडकळीला आलेलं बांधकाम उतरवून घ्या नाहीतर दुरुस्त करा, असं सांगणारं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतला दोन चौकी वाडा. पुढं सोपा, वर माडी, मागं परसू आणि परसात कधीकाळचा गोठा. वारस पाच, भाडेकरू नऊ. पाच वारसांचं एकमेकांशी धड बोलणं नाही. नऊ भाडेकरूंचं मात्र आहे, कारण नळ एकच.

नोटीस आली आणि चौथ्या दिवशी बिल्डर आला. खाली गाळे, वर टू बीएचके. वारसांना एकेक फ्लॅट, भाडेकरूंना रोख रक्कम. त्या रकमेत पेठेत खोली येणार नाही, गाव सोडून लांब कुठंतरी जावं लागेल. आमच्यातला एक भाडेकरू गुजरीत सराफाच्या हाताखाली काम करतो, दुपारी जेवायला चालत घरी येतो. एक काकू महाद्वार रोडला फुलं विकतात, पहाटे चारला निघतात. ही माणसं लांब गेली तर त्यांचा धंदाच मोडतो.

माझं म्हणणं साधं आहे. परवडणारी घरं बांधा म्हणून आपण ओरडतो, आणि पेठेतली परवडणारी घरं आधीच उभी आहेत. ती म्हणजे हे वाडे. वारस आणि भाडेकरू मिळून गृहनिर्माण संस्था करूया. पुढचा चौक, सोपा, माडी दुरुस्त करायची. गोठा पाडून तिथं तळमजला अधिक दोन, तीस-तीस चौरस मीटरची घरं. वारसांनी जागेचा भाव थोडा कमी घ्यायचा, भाडेकरूंनी हप्त्यानं पैसे भरायचे. घर नावावर झालं की जे बसतील त्यांना पंतप्रधान आवास योजनेचे अडीच लाख.

आणि हे कोल्हापूरला नवीन नाही. 1901 ला मराठा आणि जैन बोर्डिंग झाली, 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, मग आणखी किती. शाहू महाराजांनी जागा दिली, मदत दिली, चालवली त्या त्या समाजानं. खेड्यातनं आलेल्या पोराला गावात परवडणारं छप्पर, हीच तर कल्पना होती.

आता घाला शिव्या.

आरसीसी

शिव्या नाही घालत, पण ताई, नोटीस उगाच येत नाही. वीस वर्षं पेठांतल्या इमारती बघतोय. तुमच्या वाड्याची भिंत पांढऱ्या मातीत पातळ विटा, बरोबर? आणि बाहेरनं कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला असणार. तिथंच घोळ झालाय. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आतच मुरते, आणि मुरते तिथं तुळईचं टोक असतं. बाहेरनं तुळई काळीभोर दणकट दिसते. भिंतीत शिरलेलं टोक बोटानं खरवडलं तर चहापत्तीसारखं हातात येतं. तुळई मधी मोडत नाही, टोकातनं सुटते. आणि सुटते तेव्हा कडीपाटावरची, म्हणजे लाकडी छतावरची, वीतभर माती घेऊन खाली येते.

नऊ कुटुंबं त्याच्याखाली झोपतात. पाडा आणि नीट बांधा. त्यात कुणाचा अपमान नाही.

चुन्याची_घाणी

आरसीसी साहेब, निदान शंभर टक्के बरोबर, औषध चुकीचं. टोक कुजलं म्हणजे तुळई कुजली नाही. खाली टेकू द्यायचा, कुजकं दीड-दोन फूट कापायचं, जुनंच सागवान खाच मारून जोडायचं, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी आणि बोल्ट. भिंतीत शिरतं तिथं खाली दगडाचा पाट आणि भोवती हवा खेळायला बोटभर जागा. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा. मी हे केलेलं आहे, पुस्तकातलं सांगत नाही.

अडचण वेगळीच आहे. चुना भिजत घालायचा, घाणीत मळायचा, गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं, त्यात आठवडे जातात. बिल्डर तोवर दोन स्लॅब टाकतो.

चौथा_हिस्सा

मी अशाच एका वाड्याचा वारस, राहायला पुण्यात. धाग्यात सगळ्यांची दया आली, मालकाची नाही आली.

महिन्याला सत्तर रुपये भाडं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ घेता येते. सत्तरचे चार टक्के दोन रुपये ऐंशी पैसे. ते मागायला गेलो की समोरचा म्हणतो, आधी कौलं बदला. घरफाळा मी भरतो. आजोबांनी खोली दिली ती माणुसकीनं, तिसरी पिढी त्यात कायद्यानं बसली आहे. आता म्हणे जागेचा भाव कमी घ्या. का? बोर्डिंगला जागा महाराजांनी दिली होती, राज्याच्या मालकीची. आमच्या खिशातनं नाही.

कार्डवाला

पेठेत सातबारा शोधणाऱ्या मंडळींना आधीच सांगतो, इथं प्रॉपर्टी कार्ड असतं.

तर कायदा. भाडेकरूला दुरुस्ती स्वतः करून ती भाड्यातनं वळती करता येते, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. सत्तर रुपयांचे वर्षाला 840, त्याचा चौथा हिस्सा 210. 210 रुपयांत गवंड्याचा चहा-वडासुद्धा आठवडाभर होत नाही. म्हणजे मालकाला परवडत नाही आणि भाडेकरूला मुभा असून उपयोग नाही. चौथा_हिस्सा चिडलेत ते रास्त आहे. पण पाडून बांधलं तरी भाडेकरूचा नव्या इमारतीतला हक्क कायद्यात आहे. रोख घेऊन जा हे त्यानं राजीखुशीनं मान्य केलं तरच. ही गोष्ट बिल्डर पहिल्या बैठकीत सांगत नाही.

माजघर, तुमच्या योजनेतलं भोक दाखवतो. आवास योजनेत कुटुंबाचं देशात कुठंही पक्कं घर नसावं लागतं. तुमच्या नऊपैकी किती जण बसतात?

माजघर

बहुतेक सहा. दोघांनी उपनगरात घर बांधून भाड्यानं दिलंय (हे सगळ्या वाड्याला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही). एकाचं उत्पन्न जास्त आहे. तिघांना पूर्ण किंमत भरावी लागेल. हे मी मूळ धाग्यात लिहायला पाहिजे होतं.

दुबईस्थित_करवीर

वाडा पाडू नका हो. लहानपणी मामाच्या वाड्यात सुट्टीला जायचो. तो कडीपाट, ती देवळी, सारवलेली जमीन, दुपारचा गारवा. फोटो टाका ना.

मागची_खोली

भाऊ, त्या कडीपाटातनं रात्री डोळ्यात माती पडते. मी साडीचा पदर तोंडावर घेऊन झोपते, लग्न झाल्यापासनं. सुट्टीला आला आणि गेला, तुम्हाला गारवा लक्षात राहणारच.

मी अशाच एका वाड्यात मागच्या खोलीत भाड्यानं राहते. धागा वाचून मुलगीनं दाखवला म्हणून लिहायलोय. सगळे तुळई-चुना-कायदा बोलायला लागलाय, संडासाचं एकानंबी विचारलं नाही. सात घरांत दोन संडास, परसात. पावसाळ्यात रात्री छत्री घेऊन जायचं. मुलगी दहावीला आहे. तिला विचारलं वाडा राखायचा का, ती म्हणाली आधी आत बाथरूम द्या, मग काय राखायचं ते राखा.

बिल्डरचा फ्लॅट मिळाला असता तर मी हसत गेले असते. पण आम्हाला फ्लॅट कुणी देत नाही, चेक देतात. मालकबी वाईट नाहीत, त्यांचीबी पोरं भांडतात. दुरुस्ती झाली, संडास आत आला, नाव लागलं, तर मी महिन्याला हप्ता भरीन. किती ते आकडा सांगा, नुसतं सहकार सहकार करू नका.

नकाशा_लाल

मागची_खोली यांच्या प्रतिसादानंतर परदेशातली उदाहरणं द्यायची थोडी लाज वाटते, तरी देतो. इटलीतल्या बोलोन्या शहरानं 1973 मध्ये सरकारी घरबांधणीचा पैसा गावाबाहेर नव्या चाळी बांधण्याऐवजी जुन्या गावातली पडकी घरं दुरुस्त करण्याकडं वळवला. आधी घरं ताब्यातच घ्यायचा बेत होता, मालक खवळले. मग करार झाले. पालिका दुरुस्तीला पैसे देणार, मालकानं ठरलेल्या भाड्यात जुन्याच माणसांना ठेवायचं. काम चालू असताना त्यांची तात्पुरती सोय त्याच भागात करायची. पेठेतल्या माणसाला पेठेतच ठेवणं हा वारसा जपण्याचा भाग, असं त्यांनी धरलं.

ॲमस्टरडॅममध्ये तर 1956 पासून एक कंपनीच आहे, पडकी ऐतिहासिक घरं विकत घेऊन, दुरुस्त करून भाड्यानं देणारी. आधी कोपऱ्यावरची घरं घ्यायची, कोपरा सावरला की गल्ली सावरते, हा त्यांचा आडाखा.

आरसीसी

बोलोन्यात तेव्हा पालिका कम्युनिस्टांच्या हातात होती आणि पैसा सरकारचा. इथं पैसा कुणाचा?

भावा_जगात_भारी

पैसा म्हणं. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 ला जळालं तवा अख्खं कोल्हापूर रडत हुतं, हुतं तसंच उभं करा म्हणून. करायचं ठरलंच की नाही? वाड्यात माणसं राहत्यात, तिथं मात्र पाडा. उसाला सहकार चालतो, दुधाला चालतो, पतपेढीला चालतो, घराला का नको रं?

चौथा_हिस्सा

कारण दुधाचं बिल दर दहा दिवसांनी हातात पडतं. म्हणून सभासद संस्थेला धरून राहतो. घराच्या संस्थेत दहा दिवसांनी काय पडतं? मेंटेनन्सची पावती. नाट्यगृह सगळ्यांचं आहे, म्हणून सगळे रडले. माझा वाडा पडला तर पेपरात दोन ओळी येतील आणि खाली माझं नाव, निष्काळजी मालक म्हणून.

भावा_जगात_भारी

ह्ये मात्र खरं बोललासा.

पंचगंगेकाठी

शुक्रवार पेठेतनं लिहितोय. 2019 ला आमच्या गल्लीत पाणी, 2021 ला परत. पाणी असताना मातीची भिंत उभी असते. उतरल्यावर, ऊन पडल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसते. लोक घर धुवायला आत गेलेले असतात. त्यामुळं सगळ्या पेठांना एक माप लावू नका. शिवाजी पेठेत उंचावर वाडा सावरणं वेगळं, आमच्यात वेगळं. आमच्यात मी पाडा म्हणेन, नाहीतर जोतं उचला. वाड्यावर माझं प्रेम कमी नाही. आमच्याच घराची भिंत बसलेली आहे.

चुन्याची_घाणी

पंचगंगेकाठी यांच्याशी सहमत. काळ्या दगडाचं जोतं पुराला टिकतं, त्यावरची माती टिकत नाही. तिथं वरचं काम भाजकी वीट आणि चुन्यातच हवं. खर्च वाढतो.

माजघर

बरंच शिकायला मिळालं, आणि थोडी फजितीही झाली. माझी योजना आता अशी.

पहिलं, संडास. गोठ्याच्या जागी इमारत होईल तेव्हा होईल. त्याआधी पुढच्या चौकात प्रत्येक माळ्यावर पाणी आणि संडास. मागची_खोली म्हणतात ते वाचून मी आमच्या काकूंना विचारलं. त्याही हेच म्हणाल्या. सहा महिने मी कडीपाटाचे फोटो काढत होते, त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

दुसरं, जागेचा भाव. चौथा_हिस्सा, तुम्ही म्हणता ते पटलं. वारसांनी फुकट सोडावं असं मी म्हणू शकत नाही. म्हणून रस्त्याकडच्या सोप्याचे दोन गाळे वारसांच्याच नावावर ठेवायचे, भाडं त्यांचं. महाद्वारापासून चालत अंतरावर आहे, गाळ्याला गिऱ्हाईक मिळेल. तुम्हाला दहा दिवसाचं बिल हवं होतं, हे महिन्याचं आहे. वाडा हेरिटेज यादीत नाही, त्यामुळं टीडीआर (दुसरीकडं वापरायला विकता येणारा बांधकामाचा हक्क) वगैरे विकून पैसा येईल या भ्रमात आम्ही नाही.

तिसरं, आकडा. तो माझ्याकडं नाही, कारण किती तुळया गेल्यात हेच कुणी बघितलेलं नाही. बिल्डरनं बघितलं नाही, मीही नाही. नोटीस देणाऱ्यांनी बाहेरनं भिंतीचा फुगारा बघितला.

एक मात्र मान्य नाही. आरसीसी म्हणतात पाडा आणि नीट बांधा, त्यात अपमान नाही. अपमानाचा प्रश्नच नाही हो. पाडल्यावर नऊपैकी किती जण परत येतील ते सांगा. पेठेत आजवर पाडलेल्या वाड्यांतले किती भाडेकरू त्याच जागी परत राहायला आले, तुम्ही वीस वर्षं बघताय.

आरसीसी

मी बघितलेल्यांत? दोन ठिकाणी. त्यातल्या एकात भाडेकरूच वकील होता.

ठीक आहे. माझं मत बदललेलं नाही. पण आकड्याशिवाय भांडणात अर्थ नाही हे खरं. येत्या रविवारी सकाळी येतो. एक पटाशी, एक हातोडी, बॅटरी आणि शिडी लागेल. प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं उघडून बघू. निम्म्याच्या वर गेली असतील तर तुम्ही हट्ट सोडायचा. चालेल?

चुन्याची_घाणी

मीही येतो. पण निम्म्याच्या वर हे माप कुणी ठरवलं? टोकं गेली असतील तर मोजायची नाहीत, मधला भाग गेला असेल तरच मोजायची.

आरसीसी

ते तिथं शिडीवर भांडू.

चौथा_हिस्सा

रविवारी मी कोल्हापुरात आहे. माझ्या वाड्यातही बघाल का? दोन गल्ल्या सोडूनच आहे. फी सांगा.

मागची_खोली

चौथा हिस्सा साहेब, तुमच्या वाड्याच्या दाराबाहेर पिंपरणीचं झाड आहे का? असंल तर मी तुमचीच भाडेकरू आहे. रविवारी नऊच्या आत या, नंतर पाणी येतं. माझ्या खोलीवरची तुळई आधी बघा, उजव्या कोपऱ्यातली, तिथं मी पातेलं ठेवते.