कानांपलीकडचे एल्फ

एल्फ, म्हणजे कल्पित कथांमधली माणसासारखी जमात, म्हटलं की लांब कान, धनुष्य आणि अहंकार एवढंच व्हिडिओ गेमवाल्यांना सुचतं, ही तुमची तक्रार दिसण्यापुरती मान्य. पण ‘ड्रॅगन एज’ ही गेममालिका खेळलात का? २००९च्या पहिल्या भागात शहरी एल्फ तटबंदीआडच्या गरीब वस्तीत, एलियनेजमध्ये, कोंडलेले आहेत. मधोमध एकच मोठं झाड, व्हेनाडाल. जंगलाची तेवढीच आठवण शिल्लक. रानात भटकणारे डेलिश एल्फ मात्र चेहऱ्यावर देवांची गोंदणं अभिमानाने मिरवतात. याच मालिकेतल्या २०१४च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये (खेळायचा असेल तर पुढचं वाक्य गाळा) कळतं की ती मुळात गुलामांवरच्या मालकीच्या खुणा होत्या. संस्कृती जपणाऱ्यांनाच आपला इतिहास उलटा पोचलाय! मला तरी हे कुठल्याही जादूपेक्षा भारी वाटलं.

‘विचर ३’ या गेममधलं नोव्हिग्राड शहर एल्फांच्या अवशेषांवर उभं आहे आणि तिथेच एल्फांना कोणी विचारत नाही. कोपरखैरण्यात राहतो म्हणून असेल, पण सेक्टर आणि टॉवरांच्या मधे दबलेलं आगरी गावठाण रोज बघणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

‘वॉरक्राफ्ट’ गेममालिकेतले नाइट एल्फ देखणे आहेत, बाकी तुमच्याशी सहमत.

‘स्कायरिम’ या गेममधले फाल्मर मात्र सोडू नका. हे एकेकाळचे स्नो एल्फ. जमिनीखाली राहणाऱ्या ड्वेमर जमातीकडे आसऱ्याला गेले, त्यांनी आंधळं करून गुलाम केलं. गुहेत आपण त्यांना राक्षस समजून कापत सुटतो. ‘डॉनगार्ड’ या त्याच्या पुरवणी भागात गेलेबोर हा अजून शाबूत असलेला स्नो एल्फ भेटेपर्यंत.